वाचकांचे प्रश्न : रायफलची नळी उतरवण्याची आणि बसवण्याची अवजारे

रायफलची झिजलेली नळी बदलण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी अवजारांच्या निवडीशी थेट संबंध असलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रे बोल्ट अ‍ॅक्शन रायफलींविषयी (ज्यांत हाताने सरकवायचा दट्ट्या, म्हणजे बोल्ट, काडतुसामागे मिटतो) असल्याने उत्तरेही प्रामुख्याने त्यांनाच धरून दिली आहेत. अनेक देशांत हे काम परवानाधारक शस्त्रदुरुस्ती कारागिरानेच करावे असा कायदा आहे, म्हणून वाचकांनी आपल्याला लागू असलेला नियम आधी पाहावा. कोणतेही अवजार हातात घेण्यापूर्वी मॅगझिन आणि चेंबर (नळीचा काडतूस बसणारा मागचा भाग) रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी आणि काडतुसे कामाच्या खोलीतून बाहेर ठेवावीत.

प्रश्न : माझ्या कार्यशाळेत मजबूत बेंच व्हाइस आणि मोठा पाइप पाना आहे. नळी केवळ आट्यांवर बसवलेली असते, तर तेवढ्या साहित्यावर ती उतरवता येणार नाही का? वेगळी अवजारे खरोखर लागतात की ती केवळ सोयीसाठी असतात?

उत्तर : नळी आट्यांवर बसते हे खरे आहे, पण तिला घट्ट धरून ठेवण्याचे काम एकटे आटे करत नाहीत. नळीच्या मागील टोकाला एक खांदा असतो, तो रिसीव्हरच्या (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या मुख्य भागाच्या) तोंडावर दाबून बसवलेला असतो आणि त्या दाबामुळे आट्यांमध्ये कायमचा ताण राहतो. कारखान्यात बसवलेली नळी सोडवताना हा ताण एका क्षणात मोडावा लागतो. त्यासाठी लागणारे पिळाचे बल बसवतानाच्या बलापेक्षा पुष्कळ जास्त असू शकते, कारण मधल्या वर्षांत आट्यांमध्ये गंज, सुकलेले तेल किंवा काळे करण्याच्या प्रक्रियेतले क्षार साचलेले असतात.

एवढे बल कुठे आणि किती पृष्ठभागावर लावायचे, हा अवजाराच्या निवडीतला मूळ प्रश्न आहे. पाइप पान्याचे दात दोन-तीन अरुंद रेषांवर पकडतात आणि पकड वाढली की धातूत रुततात. उतरवलेली नळी टाकूनच द्यायची असेल, तर तिच्यावर उठलेले दातांचे व्रण कदाचित चालतील. रिसीव्हरवर मात्र ते कधीही चालणार नाहीत, आणि या कामात जपायचा भाग रिसीव्हर हाच आहे. नळी झिजणारच असते व बदलता येते. रिसीव्हरच्या पुढच्या कड्यात बोल्टवरचे उंचवटे, म्हणजे लग, अडकतात आणि गोळी सुटताना उत्पन्न होणारा दाब तेच पेलतात. .३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी सामी या अमेरिकी मानक संस्थेने ठरवलेला कमाल सरासरी दाब ६२,००० पौंड प्रति चौरस इंच आहे. रिसीव्हर थोडासा जरी पिळला, तरी दोन लगांपैकी एकच लग भार घेऊ लागतो, बोल्ट वाकडा बसतो आणि नवी नळी कितीही उत्तम असली तरी रायफल पूर्वीसारखी राहत नाही. असा पीळ डोळ्यांना बहुधा दिसतही नाही.

म्हणून वेगळी अवजारे सोयीसाठी नाहीत, ती आवश्यक आहेत. किमान तीन गोष्टी लागतात : नळीला मोठ्या पृष्ठभागावर पकडणारा बॅरल व्हाइस, आपल्या रिसीव्हरच्या आकाराला जुळणारा, त्याला पकडून फिरवणारा अ‍ॅक्शन पाना आणि आपल्या काडतुसाची हेडस्पेस मापके (हेडस्पेस म्हणजे मिटलेल्या बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकते तिथपर्यंतचे अंतर). साधा बेंच व्हाइस या कामाला पुरत नाही. त्याचे जबडे सपाट असतात, गोल नळीला दोनच रेषांवर टेकतात, आणि बेंच स्वतःच हलू लागला तर लावलेले बल सांध्यापर्यंत पोहोचत नाही. बॅरल व्हाइस जाड बोल्टांनी जड बेंचला किंवा जमिनीत रोवलेल्या खांबाला बांधलेला असावा. बेंच हलका असेल, तर उत्तमातला उत्तम पानाही निरुपयोगी ठरतो.

अवजारे जमवताना क्रम उलटा असावा असे मी आग्रहाने सांगेन. मापके आधी घ्यावीत, पाने नंतर. ज्याच्याकडे मापके नाहीत, त्याला नळी उतरवता येईल, पण ती नीट बसली की नाही हे त्याला कळणार नाही.

प्रश्न : अ‍ॅक्शन पाना दोन प्रकारचा मिळतो. एक रिसीव्हरला बाहेरून जबड्यांनी आवळतो, दुसरा बोल्टच्या जागेतून आत जातो. दुसरा झटपट लागतो आणि दुर्बिणीचे बेसही काढावे लागत नाहीत असे वाचले. कोणता घ्यावा?

उत्तर : कारखान्यात बसवलेली नळी पहिल्यांदा उतरवायची असेल, तर बाहेरून आवळणारा पाना घ्यावा. त्याचे दोन जबडे रिसीव्हरच्या पुढच्या कड्याभोवती बसतात आणि बल थेट सांध्याजवळ लागते. मधल्या भागात मॅगझिनचे आणि काडतूस बाहेर पडण्याचे तोंड कापलेले असल्याने रिसीव्हर तिथे सर्वांत दुबळा असतो, आणि या पान्याने त्या भागावर पीळ येत नाही. आत जाणारा पाना मागून घालावा लागतो. त्याचे पुढचे टोक लगांच्या जागेपर्यंत नीट पोहोचून तिथेच पकडत असेल तर ठीक. ते सैल असेल किंवा आखूड पडत असेल, तर सगळा पीळ रिसीव्हरच्या मधल्या दुबळ्या भागातून पुढे जातो. ज्या रायफलीच्या नळ्या मालक स्वतः नेमक्या टॉर्कने (पिळाच्या बलाने) बसवतो आणि हंगामानुसार बदलतो, तिथे आतला पाना सुरेख काम देतो. पंधरा-वीस वर्षे न हललेल्या नळीसाठी तो वापरू नये.

बाहेरचा पाना घेताना रिसीव्हरचा तळ कसा आहे ते पाहावे. रेमिंग्टन ७०० चा रिसीव्हर गोल नळकांड्यासारखा आहे. माउझर ९८ आणि विंचेस्टर ७० यांचा तळ सपाट आहे. गोल रिसीव्हरसाठी दोन्ही जबडे अर्धगोल लागतात, तर सपाट तळाच्या रिसीव्हरसाठी खालचा जबडा सपाट आणि वरचा गोलाईचा लागतो. सपाट तळाखाली अर्धगोल जबडा लावला तर तो फक्त दोन कडांवर टेकतो आणि त्या कडा चेपतात. ‘सर्व रिसीव्हरना चालणारा’ असे सांगून विकला जाणारा पाना मला पटत नाही. बदलता येणारे जबडे असलेला पाना मात्र चांगला, कारण त्यात मूठ आणि चौकट एकच राहते व पकडणारा भाग त्या त्या रिसीव्हरसाठी घडवलेला असतो.

पाना लावण्यापूर्वी दस्ता, दुर्बीण, तिचे बेस, चापाची जुळणी आणि बोल्ट काढून ठेवावेत. बेसचे स्क्रू तसेच राहिले आणि जबडा त्यांवर आवळला गेला, तर त्या छिद्रांचे बारीक आटे खराब होतात. जबडा आणि रिसीव्हर यांच्यामध्ये जाड कागदाचा किंवा पातळ पितळी पत्र्याचा थर द्यावा. जबड्याचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, म्हणजे दाब सगळीकडे सारखा राहतो.

प्रश्न : बॅरल व्हाइस योग्य प्रकारचा आहे, बोल्ट पूर्ण आवळले आहेत, तरी जोर लावला की नळी व्हाइसमध्येच फिरते. आणखी मोठा व्हाइस घ्यावा का?

उत्तर : मोठा व्हाइस घेण्याआधी पकड सुधारावी. नळी मागून पुढे निमुळती होत जाते आणि व्हाइसच्या ठोकळ्यांचे छिद्र मात्र बहुधा सरळ असते. मग नळी एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल राहते, व घसरण तिथूनच सुरू होते. यावर दोन उपाय आहेत. नळीच्या त्या भागाच्या निमुळतेपणाला जुळणारे अ‍ॅल्युमिनियमचे दुभागलेले बुश वापरावेत, किंवा सैल बाजूला पितळी पत्र्याचे शिम भरून अंतर मिटवावे. कठीण लाकडाचे ठोकळे त्याच नळीच्या मापाने कोरून घेतले तर तेही उत्तम पकडतात आणि नळीवर ओरखडा उठू देत नाहीत. मात्र जास्त जोरात ते चेपतात, म्हणून ते पुन्हा पुन्हा वापरता येत नाहीत.

पकडण्यापूर्वी नळी आणि ठोकळे दोन्ही अ‍ॅसिटोनने पुसून पूर्ण तेलमुक्त करावेत आणि मग नळीवर राळेची बारीक पूड भुरभुरावी. दाबाखाली राळ चिकटून बसते आणि घर्षण लक्षणीय वाढते. काम झाल्यावर तीच राळ स्पिरिटने पुसून निघते. सांध्याच्या जितके जवळ पकडता येईल तितके जवळ पकडावे, कारण दूर पकडलेली नळी स्वतःच स्प्रिंगप्रमाणे पीळ शोषून घेते आणि सांध्याला झटका बसत नाही.

कार्बन फायबरचे वेष्टन असलेल्या नळीला वेष्टनावर कधीही आवळू नये. तिचा मागचा उघडा स्टीलचा भाग आखूड असतो, तेवढ्यावरच बसेल असा अरुंद ठोकळा घ्यावा. तो मिळत नसेल, तर ते काम निर्मात्याकडे पाठवावे.

प्रश्न : एका जुन्या सैनिकी बनावटीच्या रायफलची नळी कोणत्याही उपायाने हलत नाही. पान्याच्या मुठीला लांब पाइप लावून जोर द्यावा, की गॅसच्या ज्योतीने तापवावे?

उत्तर : ज्योत लावू नये. जुन्या सैनिकी रायफलींपैकी अनेकांचे रिसीव्हर मऊ स्टीलचे असून त्यांच्या केवळ वरच्या थराला कठीणपणा दिलेला असतो. रिसीव्हरचे कडे लाल होईपर्यंत तापवले तर तो कठीणपणा जातो, आणि तो घरी परत देता येत नाही. स्वच्छ केलेल्या स्टीलवर गवती पिवळा रंग साधारण २२० अंश सेल्सियसच्या आसपास दिसू लागतो. रंग बदलण्याची वेळ आली, म्हणजे आपण आधीच फार पुढे गेलो. हीट गनची सौम्य उष्णता, हाताला सहन होणार नाही एवढीच, सुकलेले तेल सैल करण्यापुरती वापरायला हरकत नाही. त्याआधी सांध्यावर झिरपणारे तेल सोडून दोन-तीन दिवस थांबावे आणि रोज नव्याने तेल द्यावे.

लांब पाइपने सावकाश वाढवलेला जोर हा या कामातला सर्वांत धोक्याचा मार्ग आहे. जोर हळूहळू वाढतो तसा रिसीव्हरही हळूहळू पिळत जातो, आणि सांधा सुटेपर्यंत तो किती पिळला हे समजत नाही. त्याऐवजी मुठीवर आधी बेताचा जोर धरून ठेवावा आणि मग मुठीच्या टोकावर जड, न उसळणाऱ्या हातोड्याचा एक नेमका ठोका द्यावा. सांधा सुटायचा असेल तर अशा अचानक धक्क्याने सुटतो. या नळ्यांचे आटे उजवे असतात, त्यामुळे मागच्या बाजूने पाहिल्यास रिसीव्हर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरला पाहिजे. घाईत अनुभवी माणूसही येथे उलटा जोर लावतो, म्हणून दिशा खडूने लिहून ठेवावी.

तरीही सांधा हलत नसेल आणि जुनी नळी टाकूनच द्यायची असेल, तर लेथवर रिसीव्हरच्या तोंडाच्या किंचित पुढे, नळीच्या खांद्याला लागून एक अरुंद खाच घ्यावी. खांद्याचा दाब त्या खाचेमुळे मोकळा होतो आणि जी नळी आधी कशाला दाद देत नव्हती ती मध्यम जोराने सुटते. मला हा उपाय सर्वांत सुरक्षित वाटतो. जिची किंमत उरलेली नाही, त्या नळीचा बळी देऊन रिसीव्हर वाचवण्यात संकोच करू नये. एक अपवाद लक्षात असावा. माउझर ९८ मध्ये रिसीव्हरच्या आत एक कडे असते आणि नळीचे मागचे टोक प्रामुख्याने त्यावर दाबून बसते, त्यामुळे तिथे बाहेरच्या खांद्याजवळ घेतलेल्या खाचेचा फायदा कमी होतो. माउझरचे आटे इंचाला १२ आणि ५५ अंशांच्या कोनाचे आहेत, म्हणून ६० अंशांच्या आट्यांची नवी नळी त्यात चालवून पाहू नये.

रायफल ली-एनफिल्ड असेल, तर नळीच्या मागच्या जाड भागावर वरच्या बाजूला सपाट पट्टी असते. व्हाइसमध्ये त्या पट्टीला जुळणारा सपाट ठोकळा लावला की नळी फिरण्याचा प्रश्नच उरत नाही. पण हिचा रिसीव्हर बाजूंनी पातळ आणि असमान आकाराचा आहे, म्हणून याच रायफलसाठी घडवलेल्या जबड्यांशिवाय तिला हात लावू नये.

प्रश्न : माझ्या रायफलच्या नळीवर रिसीव्हरच्या पुढे एक नट आहे. अशी नळी घरी बदलणे सोपे असते म्हणतात. त्यासाठी वेगळा काय पाना लागतो आणि टॉर्क कसा मोजावा?

उत्तर : ही रचना सॅव्हेज ११० या १९५८ सालच्या रायफलमुळे विशेष रूढ झाली. तिच्यात नळीचा खांदा रिसीव्हरवर टेकत नाही. नळी हव्या तेवढ्या खोलीपर्यंत फिरवून नटाने जागच्या जागी जखडतात. त्यामुळे हेडस्पेस लेथवर न जाता मापकाच्या आधाराने ठरवता येतो, आणि ‘सोपे’ म्हणतात ते याच अर्थाने.

नटावर खाचा असतील, तर त्या सर्व खाचांमध्ये बसणारा, नटाला पूर्ण वेढणारा पाना घ्यावा. एका दाताचा आकडी पाना खाचेच्या कडा खातो आणि निसटला की नळीवर खोल ओरखडा काढतो. नट गुळगुळीत असेल, तर त्याच्या व्यासाला जुळणारा दुभागलेला, बोल्टांनी आवळणारा पाना लागतो.

टॉर्क पान्याला असे जोडपाने लावताना एक हिशेब करावा लागतो. जोडपाना टॉर्क पान्याच्या मुठीशी काटकोनात असेल, तर वाचन बदलत नाही. तो मुठीच्या रेषेत पुढे असेल, तर तरफ लांबते आणि नटावर पान्याने दाखवलेल्या आकड्यापेक्षा जास्त टॉर्क पडतो. समजा मूठ ते टॉर्क पान्याच्या टोकाचा चौकोनी खुंट हे अंतर ४५० मिलिमीटर, जोडपान्याने वाढवलेले अंतर ५० मिलिमीटर आणि नटावर हवा असलेला टॉर्क १०० न्यूटन-मीटर आहे. मग १०० ला ४५० ने गुणून ५०० ने भागावे, आणि पाना ९० वर लावावा. टॉर्कचा आकडा त्या रायफलच्या किंवा नळीच्या निर्मात्याने दिलेलाच घ्यावा. खांद्यावर बसणाऱ्या नळ्यांसाठी साधारण ७० ते १३५ न्यूटन-मीटर हा पट्टा प्रचलित असला, तरी तो नटाच्या रचनेला आपोआप लागू होत नाही.

या रचनेत खरी काळजी नट आवळताना घ्यावी लागते. सॅव्हेजचे आटे इंचाला २० आहेत, म्हणजे नळी एक पूर्ण फेरा फिरली की ०.०५० इंच पुढे-मागे होते. ‘गो’ (किमान) आणि ‘नो-गो’ (कमाल) मापकांतला फरक .३०८ विंचेस्टरसाठी केवळ ०.००४ इंच आहे, म्हणजे फेऱ्याचे जेमतेम २९ अंश. नट आवळताना नळी तेवढी सरकली, तर सगळी जुळवाजुळव वाया जाते. म्हणून नळी व्हाइसमध्ये धरावी, नट आणि नळी यांच्यावर पेन्सिलने एक सलग रेघ ओढावी, नट आवळावा आणि लगेच मापक पुन्हा लावून पाहावे.

प्रश्न : हेडस्पेसची तीनही मापके घ्यावीत का? आणि ती वापरताना बोल्ट जसा आहे तसाच चालतो का?

उत्तर : नवी नळी बसवणाऱ्याला ‘गो’ आणि ‘नो-गो’ ही दोन पुरतात. ‘फील्ड’ मापक वापरात असलेली जुनी रायफल अजून वापरण्याजोगी आहे का हे पाहण्यासाठी असते, नव्या जुळणीसाठी नाही. .३०८ विंचेस्टरची ही तीन मापे अनुक्रमे १.६३०, १.६३४ आणि १.६३८ इंच आहेत. नव्या जुळणीत बोल्ट ‘गो’ मापकावर सहज मिटला पाहिजे आणि ‘नो-गो’ वर मिटता कामा नये. हातात ‘नो-गो’ नसेल, तर काही जण ‘गो’ मापकाच्या तळाला चिकटपट्टीचा थर लावून चाचणी घेतात. प्राथमिक अंदाजापुरते ते ठीक आहे, पण पट्टी दाबली जाते आणि तिची जाडी सारखी नसते, म्हणून अंतिम निर्णय तिच्यावर घेऊ नये.

बोल्ट तसाच चालत नाही. त्यातून फायरिंग पिनची जुळणी आणि स्प्रिंगवर चालणारा इजेक्टर (रिकामे कवच बाहेर फेकणारा भाग) काढावा, आणि शक्य असेल तर एक्स्ट्रॅक्टरही (कवच चेंबरमधून ओढणारी आकडी). या भागांच्या स्प्रिंगचा दाब हाताला जाणवत राहिला, तर मापक अडले की स्प्रिंग अडली हे ओळखता येत नाही. चेंबर आणि बोल्टचे तोंड पूर्ण पुसून घ्यावे, कारण धातूचा एक बारीक कण ०.००२ इंचाचा फसवा फरक दाखवू शकतो. बोल्टची मूठ दोन बोटांनी, स्वतःच्या वजनाने पडेल एवढ्याच जोराने खाली आणावी. कठीण स्टीलच्या मापकावर बोल्ट जोराने मिटवल्यास चेंबरचा खांदा आणि लग दोन्हींना इजा होते.

प्रश्न : नवी नळी बसवताना आट्यांना ग्रीस लावावे का? ते पुढे सैल होणार नाही ना?

उत्तर : अवश्य लावावे, पण पातळ थर, आट्यांना आणि खांद्याला. कोरडे आटे एकमेकांना खातात, टॉर्कचा आकडा खोटा दाखवतात आणि पुढच्या वेळी उतरायला नकार देतात. योग्य टॉर्कने बसवलेली नळी ग्रीसमुळे सैल होत नाही. रिसीव्हर अ‍ॅल्युमिनियमचा असेल, तर ग्राफाइटयुक्त ग्रीस टाळावे, कारण ओलाव्यात ग्राफाइट आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यात विद्युत-रासायनिक गंज सुरू होतो.

प्रश्न : रेमिंग्टन ७०० ची नळी आवळताना नळी आणि रिसीव्हर यांच्यामधली चपटी तबकडी दर वेळी तिरकी होते. यावर काही अवजार आहे का?

उत्तर : ती तबकडी म्हणजे रिकॉइल लग, गोळी सुटतानाचा धक्का दस्त्यावर उतरवणारा भाग. या रायफलमध्ये तो वेगळा भाग असून नळी आणि रिसीव्हर यांच्यात दाबून धरलेला असतो, त्यामुळे आवळताना तो नळीबरोबर थोडा फिरतो आणि मग दस्त्याच्या खाचेत सरळ बसत नाही. त्याला सरळ धरणारे छोटे साधन मिळते. ते रिसीव्हरच्या पुढच्या स्क्रूच्या छिद्रात अडकवून लगाला दोन्ही बाजूंनी धरतात आणि नळी पूर्ण आवळून झाल्यावरच काढतात. लग व रिसीव्हर यांत बारीक पिन बसवून घेणे हा कायमचा उपाय आहे, आणि नळी पुन्हा पुन्हा बदलणाऱ्याने तो करून घ्यावा.

प्रश्न : सर्व मापे बरोबर आल्यावर रायफल लगेच वापरता येते का?

उत्तर : आधी निष्क्रिय, म्हणजे दारू आणि प्रायमर नसलेली काडतुसे मॅगझिनमधून चालवून ती सुरळीत चढतात व बाहेर पडतात का ते पाहावे. जे देश सी.आय.पी. या आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाचे सदस्य आहेत, तिथे नळी हा दाब पेलणारा भाग मानला जातो आणि ती बदलल्यावर अधिकृत चाचणीगृहात जास्त दाबाच्या काडतुसांनी तपासणी करून शिक्का घ्यावा लागतो. इतरत्र पहिली गोळी रायफल भक्कम आधारावर बांधून, दुरून दोरीने चाप ओढून झाडावी. मग रिकामे पितळी कवच पाहावे. त्याच्या तळाच्या थोडे वर चकाकणारी आडवी रेघ दिसली, किंवा आतून वाकवलेली तार फिरवल्यावर तिथे खाच जाणवली, तर कवच गरजेपेक्षा जास्त ताणले गेले आहे. तेव्हा पुढची गोळी न झाडता हेडस्पेस पुन्हा मोजावा.